'प्रतिजन' म्हणजे दर माणशी?

विचारणा

एका रक्तपेढीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. अँटिजेनला 'प्रतिजन' लिहिलं, तर वाचायला दिलेल्या पहिल्याच माणसानं विचारलं, "प्रतिजन म्हणजे दर माणशी का?" प्रतिदिन, प्रतिमाह, प्रतिजन. त्याचं चूक म्हणता येईना. दुसरी अडचण क्रियापदाची. 'रोगप्रतिकारक यंत्रणा परके प्रतिजन ओळखते' असं वाक्य आहे. ओळखायला आधी कधीतरी गाठ पडलेली लागते ना? मग पहिल्या वेळी काय होतं?

प्रतिसाद

यातला 'जन' लोकांमधला नव्हे, जनक-जननीमधला. उत्पन्न करणारा. पॉल एर्लिश यांनी १८९१ मध्ये जर्मनमध्ये अँटिबॉडीसाठी (शरीर बनवतं ते, परक्या पदार्थाला धरणारं प्रथिन) शब्द वापरला, आणि १८९९ मध्ये लॅडिस्लास डॉइच या हंगेरियन संशोधकानं अँटिजेन हा शब्द आणला. म्हणजे या शब्दाच्या पोटात अख्खी अँटिबॉडी दडलेली आहे: अँटिबॉडी निर्माण करायला लावतो तो अँटिजेन. मराठी विश्वकोशात प्रतिजन आणि प्रतिपिंड (अँटिबॉडी) अशी जोडी आहे, ती याच हिशेबानं लागते. वर्तमानपत्रं प्रतिपिंडाला 'प्रतिद्रव्य' म्हणतात, तेही चालतं. पण एका पत्रकात दोन्ही नकोत.

प्रतिसाद

व्युत्पत्ती बरोबर, पण अर्थ तिथं थांबला नाही. पेनिसिलिनचा रेणू इतका लहान की एकटा असताना तो प्रतिपिंडं तयार करायला लावू शकत नाही. शरीरातल्या प्रथिनाला चिकटला की मात्र काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि तेव्हा झालेली प्रतिपिंडं पेनिसिलिनच्याच भागाला धरतात. अशा रेणूंना कार्ल लँडस्टायनर यांनी 'हॅप्टेन' म्हटलं. आज अँटिजेन म्हणजे ज्याच्याशी प्रतिपिंड किंवा टी पेशीचा (ही रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी) ग्राही, म्हणजे तिच्यावरचा पकडणारा रेणू, जुळतो तो. प्रतिक्रिया उठवतो त्याला इम्युनोजेन असा वेगळा शब्द आहे. तेव्हा 'जन'च्या अर्थावर फार भार टाकू नका.

प्रतिसाद

रक्तपेढीत काम करतो म्हणून सांगतो, आधी 'परके' हा शब्द काढा. ए गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर ए प्रतिजन असतो, तो त्याचा स्वतःचाच. परका ठरतो तो बी किंवा ओ गटाच्या माणसाच्या शरीरात गेल्यावर.

आणि फरक केवढा? पेशीवर आधी एच नावाचा प्रतिजन असतो. त्याला एक विशिष्ट शर्करा जोडली गेली की ए, दुसरी जोडली गेली की बी, काहीच जोडलं नाही तर ओ. एवढ्याशा फरकावर चुकीचं रक्त जिवावर बेततं.

मुंबईचं उदाहरण पत्रकात घालाच. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा रक्ताची नोंद केली ज्याच्या पेशींवर एचसुद्धा नव्हता. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. नुसत्या पेशी तपासल्या तर हे रक्त ओ दिसतं, कारण ए-बी दोन्ही नाहीत. पण या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, म्हणून ज्याला सगळे 'सर्वांना चालणारं' म्हणतात ते ओ रक्तही त्याला चालत नाही. उलट तपासणीत, म्हणजे पेशींऐवजी रक्तद्रव तपासताना, त्याचा रक्तद्रव ओ पेशींच्या गुठळ्या करतो, तिथं आम्ही सावध होतो.

मूळ विचारणा करणारी

'परके' काढलं. पण ओ गटाच्या माणसाला कधीच कुणाचं रक्त दिलेलं नसेल, तरी त्याच्याकडे ए-विरोधी प्रतिपिंडं आधीपासून कशी? आणि पत्रकात कुलूप-किल्लीची उपमा घालू का?

प्रतिसाद

आतड्यातल्या जिवाणूंवर ए-बीसारख्या शर्करा असतात. जन्मानंतरच्या काही महिन्यांत बाळाची गाठ त्यांच्याशी पडते आणि प्रतिपिंडं तयार होतात. म्हणजे गाठ पडलेली असते, फक्त रक्ताशी नाही.

कुलूप-किल्ली घालायची तर उलटी घाला. इथं कुलूप न पाहताच किल्ल्या घडवून ठेवलेल्या असतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे हवे तसे जोडले जातात, त्यामुळे दर पेशीचा ग्राही वेगळा. हे दाखवणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. यातले बरेचसे ग्राही कशालाच लागत नाहीत, आपल्याच पेशींना धरू पाहणारे बहुतेक आधीच बाद होतात किंवा गप्प केले जातात. एखाद्याला प्रतिजन जुळला की ती पेशी वाढून तिच्या हजारो प्रती होतात. तेव्हा पहिल्या वेळी घडतं ते 'जुळणं'. 'ओळखणं' दुसऱ्या वेळी शोभेल, कारण तेव्हा स्मृतिपेशी तयार असतात.

टी पेशींचं आणखी निराळं. त्यांना अख्खा विषाणू दिसतच नाही. पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे करून, त्यातला साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एमएचसी नावाच्या, पेशीवरच्या रेणूच्या खाचेत बसवून बाहेर मांडते. मारक टी पेशी तुकडा आणि खाच दोन्ही मिळून पाहते. कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. विषाणू तोच, पण एमएचसी दुसऱ्या जातीचं असेल तर टी पेशी त्या पेशीला हात लावत नव्हत्या. १९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माणसातल्या एमएचसीला एचएलए म्हणतात, अवयवरोपणाआधी जुळवतात ते हेच. रक्तपेढीच्या पत्रकात मात्र टी पेशी आणू नका, लोक वाचायचं सोडतील.

मूळ विचारणा करणारी

असं केलंय: 'तांबड्या पेशींवरच्या ज्या खुणांशी प्रतिपिंडं जुळतात, त्यांना अँटिजेन किंवा प्रतिजन म्हणतात.' पुढे सगळीकडे प्रतिजन. तो प्रतिजन की ते प्रतिजन?

प्रतिसाद

तो. ऑक्सिजन, हायड्रोजन चालतात तसाच. आणि 'खुणांशी' ठेवा, छान बसलंय.