प्रतिसाद: थाई वाचनाची मधली पायरी

थाई शिकताना बालपुस्तकांनंतर काय वाचावं, या प्रश्नावर 'बालपुस्तकं संपली की थेट वर्तमानपत्र' असा सल्ला इथे दिलाय, तो अर्धाच पटतो. मथळे टाळा, त्यांत शब्द गाळलेले असतात, टोपणनावं आणि संक्षेप खच्चून भरलेले. राजघराण्याच्या बातम्याही सध्या नकोत, तिथली शब्दसंपदा वेगळीच असते. साध्या बातमीचा पहिला परिच्छेद घ्या. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून आधी पेन्सिलीने शब्द तोडा आणि मगच शब्दकोश उघडा. चुकीचं तोडलं तर शब्द सापडतच नाही.

इथे कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे आपला फायदा: थाईने संस्कृत-पाली शब्दांचं स्पेलिंग बरंच जपलंय. 'आचान' असं उच्चारतात, पण लिहिताना अक्षरं 'आचार्य'चीच. शेवटच्या मुक्या अक्षरावर खूण असते. अक्षरं देवनागरीशी जुळवत वाचा, औपचारिक मजकुरातले कितीतरी शब्द ओळखीचे निघतात. आणि २५६७ असं बौद्ध संवताचं साल दिसलं तर ५४३ वजा करा, म्हणजे इसवी सन मिळतं.