पुन्हा महापूर आला तर शिकवणं कसं चालू ठेवायचं? टॅब घ्यावेत का?

शिरोळची_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. गाव नदीकाठचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाही वर्गात पाणी आलं आणि जुलै २०२१ मध्येही.

२०२१ चं मनाला जास्त लागलं. कोरोनामुळे वर्ग बंदच होते. १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, आम्ही मोबाइलवरून घेत होतो. मुलं जरा कुठं रुळायला लागली आणि महिना संपायच्या आत पूर आला. लाईट गेली, टॉवर बंद पडले, वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप एकदम गप्प झाला. कोण पाहुण्यांकडे, कोण निवारा केंद्रात. पाणी चढायला लागलं की आधी जनावरं हलवतात, मग धान्य आणि म्हातारी माणसं. दप्तराची आठवण कुणाला असणार, आणि ती असावी असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

आता एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामांसाठीच्या) निधीतून शाळेला वीस टॅब मिळू शकतात. शाळा व्यवस्थापन समितीतले सगळे खूश आहेत. अर्जात "आपत्तीच्या काळात शिक्षण चालू राहावे" असं कारण लिहायचं ठरलंय. ते लिहिताना माझा हात अडतो. आमच्याकडे पूर येतो तेव्हा टॅब चार्ज कुठं करायचा?

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. पूर असताना काय चालतं? आणि पाणी ओसरल्यावर पहिल्या महिन्यात काय करावं?

मोखाड्याचे_गुरुजी

मॅडम, आमच्याकडे पूर नाही, पण २०२० ची टाळेबंदी पाड्यांवर काढलीय. स्मार्टफोन मोजक्या घरांत, आणि ज्या घरात आहे तिथं तो बापाबरोबर कामावर जायचा. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' लागायची. कार्यक्रम मनापासून आवडलेला, घरातल्याच वस्तू घेऊन शिकवायचे. पण टीव्ही असलेली घरं किती? जव्हार-मोखाडा भागात काही पाड्यांवर भोंगा लावून धडे ऐकवले जायचे. मुलं अंतर ठेवून बसायची, गाणी म्हणायची. शाळेची सवय त्यामुळे टिकली, हे मोठं काम होतं.

पण भोंग्याला मुलाचं ऐकू येत नाही. हातच्याची वजाबाकी कुठं चुकतेय ते त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी स्वाध्यायाचे कागद घेऊन पाड्यावर जायचो. जिथं जाता येत नव्हतं तिथं साधा बटणाचा फोन लावायचो. आई शेतावरून आली की संध्याकाळी सातनंतर फोन उचलला जायचा, दुपारी कधीच नाही.

पुण्याची_अभ्यासक

ताई, तुमचा हात अडतोय ते योग्यच आहे. गुरुजींनी सांगितलेल्या साध्या फोनची बोट्स्वानात रीतसर परीक्षा झाली आहे.

२०२० मध्ये शाळा बंद असताना तिथं साडेचार हजारांहून जास्त कुटुंबांबरोबर हा प्रयोग झाला. मुलं तिसरी ते पाचवीची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाला आठवड्याला गणिताची उदाहरणं फक्त एसएमएसने गेली. दुसऱ्याला एसएमएस गेला आणि शिवाय पंधरा-वीस मिनिटांचा फोनही. पालकाने फोन स्पीकरवर ठेवायचा, मुलाला जवळ घ्यायचं आणि शिकवणाऱ्याने एखादं उदाहरण त्याच्याकडून सोडवून घ्यायचं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. नुसत्या एसएमएसने ठोस फरक पडला नाही. फोन आलेल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्येही हीच पद्धत वापरली, तिथंही उपयोग दिसला.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्हाला समितीपुढे उत्तर द्यायचं आहे. सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ ला इबोलाने शाळा बंद पडल्या तेव्हा रेडिओवर धडे सुरू केले होते. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे २०२० मध्ये त्यांना रेडिओ लवकर सुरू करता आला. त्याला जोड म्हणून शिक्षकांच्या फोनचाही प्रयोग झाला. घरी अभ्यास थोडा वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. माझं मत असं, की नुसता फोन करून भागत नाही. मूल आज कुठं आहे ते बघून त्याच पायरीवरचं उदाहरण द्यायला हवं. बेरीज न येणाऱ्या मुलाला चौथीचा भागाकार विचारला तर तो फोन वाया गेला.

पाणी ओसरल्यानंतरही हेच लागू पडतं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५ टक्के. त्याच काळात घराघरांत स्मार्टफोन मात्र झपाट्याने वाढले. शाळा उघडली की राहिलेला धडा पुढे ओढू नका. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं वाचायला लावा, एक बेरीज, एक वजाबाकी द्या. मग रोज तास-दीड तास इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे गट करा. टॅब कामी येतील ते इथं. एका गटाला तुम्ही शिकवताना दुसरा टॅबवर सराव करेल.

कुरुंदवाडचा_वायरमन

मॅडम, मी तुमच्याच भागातला. पुरात लाईट आम्हालाच बंद करावी लागते, डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाण्यात जातात. टॉवर बॅटरीवर थोडा वेळ तग धरतो, मग गेला. त्यामुळं पाणी चढलेलं असताना इंटरनेटवर काहीही बेतू नका. निवारा केंद्रात जनरेटर असतो, तिथं चार्जिंगला रांग असते, पण फोन चालू होतो.

टॅब घेतलेच तर पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ सरकारच्या दीक्षा अॅपवरून जूनमध्येच मेमरी कार्डात उतरवून ठेवा. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिले तर बॅटऱ्या फुगतात, ते रोज वापरात हवेत. आणि शाळेच्या तळमजल्यावर ठेवू नका, वरच्या आळीत कुणाच्या तरी माडीवर जागा ठरवून ठेवा.

एक मात्र जरूर करा. प्रत्येक मुलामागं दोन नंबर वहीत लिहून घ्या, घरचा एक आणि ज्या पाहुण्यांकडं ते पुरात जातात त्यांचा एक. २०१९ ला माझा पोरगा मामाकडं होता, तिथं सगळं चालू होतं. शाळेकडं तो नंबरच नव्हता.

शिरोळची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. पाहुण्यांच्या नंबराचं काम उद्यापासूनच सुरू करते, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

अर्ज बदलून लिहिते. वीसऐवजी आठ टॅब मागेन, रोजच्या पायरीच्या गटांसाठी. उरलेल्या रकमेत सौर चार्जर, मेमरी कार्डं आणि जुलै-ऑगस्टमध्ये शिक्षकांच्या फोनचा रिचार्ज. रिचार्जचा आकडा बघून समितीत कुरकुर होईल, कारण रिचार्जचा फोटो काढता येत नाही. पण शाळेत आम्ही शिक्षक चार, मुलं साठच्या आसपास. प्रत्येकाने रोज तीन फोन केले तरी आठवड्यात सगळी मुलं होतात.

ताई, पायरी ओळखायचे प्रश्न फोनवर विचारता येतील असे तुमच्याकडे तयार आहेत का? आणि गुरुजी, स्वाध्यायाच्या कागदांचा एखादा नमुना इथं टाकाल? सोमवारी समितीची बैठक आहे, त्याआधी मिळाला तर सोबत घेऊन जाईन.