घरच्या डीव्हीडी लहान करायच्यात, पण चित्र न बिघडवता

नमस्कार मंडळी,

आमच्या कपाटात घरच्या चित्रीकरणाच्या ६४ डीव्हीडी आहेत. काही पाल, काही एनटीएससी (टीव्ही-चित्राच्या दोन पद्धती), दोन-चार तर जुन्या व्हीएचएसवरून उतरवून घेतलेल्या. गेल्या आठवड्यात हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या प्रोग्रॅममधून तीन काढल्या. चार जीबीचे सहाशे एमबी झाले म्हणून खूश होते. मग चालवून पाहिलं तर लेक झोपाळ्यावरून पुढे आली की तिच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटतात. झोपाळा थांबला की दात गायब! तीच डिस्क टीव्हीवर लावली तर चित्र स्वच्छ. माझं काय चुकतंय? आणि दर्जा अजिबात न घालवता आकार कितपत कमी होतो?

---

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. ‘अजिबात न घालवता’ म्हणत असाल तर कमी होतच नाही म्हणा ना. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ मध्ये आधीच दाबलेलं असतं. झिप केलंत तरी फरक जेमतेम. पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे नव्याने दाबलं, की काहीतरी जातंच. गेलेलं डोळ्याला कळतं का, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून मी मूळ प्रत वेगळी ठेवतो आणि बघायची वेगळी. मूळ प्रतीसाठी डिस्कची आयएसओ (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक फाईल) काढा, किंवा मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम वापरा. ते एन्कोड करत नाही, आहे तो माल नुसता दुसऱ्या डब्यात भरतं. मेनू तेवढा जातो. ६४ डिस्क, एकेक ४.७ जीबीची, म्हणजे सगळ्या काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी साधारण ३०० जीबी. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये आरामात मावतात. तशाच दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत ठेवा आणि मग बघायच्या प्रतीशी हवं तेवढं खेळा.

आता कंगवा. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत टिपलेली असते: आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदाने उरलेल्या. तेवढ्यात झोपाळा पुढे सरकतो. टीव्ही हे दोन हप्ते सोडवून दाखवतो. तुमच्या फाईलमध्ये ते एकमेकांत विणले गेलेत. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी (हे हप्ते सोडवायला) बीडब्ल्यूडीआयएफ निवडा, त्याचा प्रीसेट बॉब ठेवा (तो प्रत्येक हप्त्याची वेगळी फ्रेम करतो) आणि फ्रेमरेट ५० करा (एनटीएससी असेल तर ५९.९४). इथेच बरेचजण फसतात. तयार प्रीसेटच्या नावाच्या शेवटी पी२५ किंवा पी३० असेल तर फ्रेम तिथेच अडतात, आणि बॉबने सोडवलेली निम्मी हालचाल फुकट जाते. झोपाळा ५० वर चालवून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

बाकी एन्कोडर एक्स२६४, दर्जासाठी आरएफ १८, वेग स्लो. आरएफचा आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. सरासरी बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ठरवून देऊ नका. शांत चित्रीकरणाच्या डिस्कवर जागा वाया जाते आणि धावपळीच्या डिस्कला कमी पडते. ७२० × ५७६ चं १०८० तर मुळीच करू नका, नसलेला तपशील कुठून येणार? आवाज एसी३ (डॉल्बीचा) असेल तर पासथ्रू, म्हणजे आहे तसाच ठेवा. व्हीएचएसवाल्या डिस्क मात्र फारशा लहान होणार नाहीत. एन्कोडरला त्यातले मुंगळे (वळवळणारे ठिपके) आणि तुमची लेक सारखीच महत्त्वाची वाटतात.

---

दादांशी सहमत, फक्त एक्स२६५ ला (फाईल आणखी लहान करणारा नवा एन्कोडर) एक संधी द्यायला हवी होती असं माझं मत. (दादा, ‘चेहरे मेणाचे होतात’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे.)

ताई, मेकएमकेव्ही एखाद्या डिस्कवर अडकलं तर ती आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी वाचली नाही तर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचायचा प्रोग्रॅम चालवा. आधी ते वाचता येतं ते उचलतं आणि नडलेल्या जागांवर नंतर पुन्हा जातं. कुठलं सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) मिळालं नि कुठलं राहिलं हे मॅपफाईलमध्ये नोंदतं, त्यामुळे तीच मॅपफाईल देऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. हँडीकॅमच्या ८ सेंमीच्या छोट्या डिस्क असतील तर त्या फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकतात. आणि संगणकाला कोरी दिसली म्हणून फेकू नका. बहुतेक फायनलाइज करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून बंद करायची, राहिलेली असते. तो कॅमेरा सापडला तर त्यातच होईल.

---

दादा, काका, दोघांचे आभार. ५० वर झोपाळा पाहिला. फाईल सहाशेची दीड जीबी झाली, तक्रार नाही.

४१ नंबरची डिस्क मात्र रडवत होती, आणि बाबांचा आवाज असलेली तीच एक. लॅपटॉपच्या ड्राइव्हने रात्रभर खरवडूनही बरीच सेक्टर राहिली. तीच मॅपफाईल घेऊन शेजाऱ्यांचा जुना बाहेरचा ड्राइव्ह लावला, तर सहा सोडून सगळी आली. बाबा माझ्या धाकट्या भावाला सायकल शिकवतायत, तिथे अर्धा सेकंद चौकोन विखुरतात. आवाजात फक्त एक टिचकी येते, ‘पुढे बघ’ आणि ‘मी धरलंय’ यांच्या मधे.

तो तुकडा एन्कोड केलेला नाही. जसा आला तसा ठेवलाय.