जे चौची गाणी क्रमाने कशी ऐकावीत? आणि शब्द का हाती लागत नाहीत?

मुखडा_अंतरा:

तैवानचा गायक-संगीतकार जे चौ. याचे २००० ते २०२२ या काळात पंधरा स्टुडिओ अल्बम आले आहेत. ते सुरुवातीपासून ऐकत जावं की निवडून? त्याची कारकीर्द कळेल असा क्रम हवा आहे.

दुसरी अडचण भाषेची. मँडरिनची पाचशेएक अक्षरं येतात, बातम्या संथ लावल्या तर समजतात, पण याच्या गाण्यात ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. हे ऐकणाऱ्याचं कच्चेपण की गाण्याची पद्धतच तशी?

तिसरं, चिनी मातीच्या निळ्या नक्षीच्या भांड्यांवरचं त्याचं २००७ चं गाणं पेटीवर बसवताना चाल भूपात चालते, पण कॉर्ड धरले की सगळं बिघडतं. कुठे चुकतंय?

---

जुनी_तबकडी:

क्रमाबद्दल लिहितो. एक गोष्ट लक्षात ठेवून ऐका: हा माणूस आधी संगीतकार आहे, मग गायक. हे डोक्यात असलं की त्याच्या कारकिर्दीतल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

जन्म १८ जानेवारी १९७९, तैपेईजवळच्या लिनखौचा. आई-वडील दोघंही शिक्षक. आई चित्रकला शिकवायची, वडील जीवशास्त्र. पियानो अगदी लहानपणी, साधारण चौथ्या वर्षी सुरू झाला, पुढे चेलोही शिकला. शाळा तामसुईची तामकांग, तिथल्या संगीताच्या वर्गात. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मात्र निघाली नाही. कण्याच्या आजारामुळे (अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस) सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली आणि तो रेस्टॉरंटमध्ये वेटर म्हणून लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टीव्हीवरच्या एका गुणशोध कार्यक्रमात तो मित्राच्या गाण्याला पियानोची साथ करायला गेला. गाणं पडलं. पण सूत्रसंचालक वू चुंग-श्येन यांची नजर स्वरलिपीच्या कागदावर गेली. गुंतागुंतीची रचना, आणि लिहिलेली नीटस. त्यांनी त्याला आपल्या अल्फा म्युझिक या रेकॉर्ड कंपनीत घेतलं ते दुसऱ्यांसाठी चाली बांधायला. दहा दिवसांत पन्नास गाणी कर, त्यातल्या दहांचा तुझा अल्बम काढू, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. 'जे' हा पहिला अल्बम नोव्हेंबर २००० मध्ये आला, आणि त्यात दहाच गाणी आहेत.

आता पुरस्कारांकडे बघा. तैवानचा सर्वांत मानाचा संगीत पुरस्कार म्हणजे गोल्डन मेलडी. २००१ मध्ये पहिल्याच अल्बमला 'उत्कृष्ट अल्बम' मिळाला. २००२ मध्ये दुसऱ्या अल्बमसाठी संगीतकार आणि निर्माता म्हणून तो गौरवला गेला. 'उत्कृष्ट मँडरिन गायक' मात्र थेट २००९ मध्ये, मग परत २०११ मध्ये. म्हणजे गळ्याला मान मिळायला चालींपेक्षा सात-आठ वर्षं जास्त लागली.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा. सुरुवात दुसऱ्या अल्बमपासून: 'फान-थ-शी' (२००१). पहिला अल्बम चांगलाच आहे, पण त्याचं सगळं सामान एका ठिकाणी पाहायचं तर हाच. मारामारीच्या नानचाकूवरचं आक्रमक रॅप, हम्मुराबीच्या कायद्याच्या शिलालेखापासून सुरू होणारं प्रेमगीत, आणि शेवटी 'आन-चिंग' हे पियानोवरचं शांत गाणं, सगळं याच अल्बममध्ये. मग 'ये ह्वेइमेइ' (२००३). हे त्याच्या आईचं नाव. तो आला त्याच वर्षी 'टाइम'च्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जे चौ झळकला होता. त्यानंतर 'छी-ली-श्यांग' (२००४). अल्बमच्या नावातलं झाड म्हणजे आपली कुंती. सात ली (अंतराचं चिनी माप) दूरवर दरवळ जाणारी, असा त्या नावाचा शब्दशः अर्थ. पुढे २००५ चा, पियानोसाठी लिहिणारा जुना युरोपीय संगीतकार शोपँ याच्या नावाचा अल्बम.

इथपर्यंत आलात की थांबा आणि मागे पहिल्या अल्बमवर जा. आता त्यातलं 'न्यांग-च' ऐका. आरअँडबीचा (ऱ्हिदम अँड ब्लूज, अमेरिकन कृष्णवर्णीयांची संगीतशैली) ठेका आणि शब्दांत जुन्या चीनमधली पत्नीला मारलेली हाक. पुढच्या दहा वर्षांचं बी तिथे पडलेलं दिसेल. पहिल्यांदाच ऐकलं तर ते नुसतं मजेशीर वाटतं आणि निसटतं.

नंतरच्या काळातलं २००८ चा मकर राशीच्या नावाचा अल्बम ठेवाच; 'ताओ-श्यांग' त्यात आहे. २०१२ ते २०१६ मधले तीन अल्बम एकेकदा ऐकले तरी चालेल. या क्रमात शेवटी जुलै २०२२ चा. सहा वर्षांनी आला आणि बारापैकी पाच गाणी आधीच सुटी प्रसिद्ध झालेली होती, त्यामुळे चाहत्यांची निराशा रास्त होती. तरीही आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या जागतिक अल्बम विक्रीच्या यादीत तो पहिला होता.

सिनेमाचं थोडक्यात: २००५ च्या 'इनिशियल डी'साठी गोल्डन हॉर्स या तैवानच्या चित्रपट पुरस्कारांत नवोदित अभिनेत्याचा पुरस्कार, २०११ मध्ये हॉलिवूडच्या 'ग्रीन हॉर्नेट'मध्ये केटोची भूमिका. संगीताच्या दृष्टीने बघायचाच असेल तर २००७ चा त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला 'सीक्रेट'. चित्रण त्याच्या स्वतःच्या शाळेत झालं आहे. त्यातल्या पियानोच्या जुगलबंदीत शोपँचा काळ्या पट्ट्यांचा एत्यूद (सरावासाठीची रचना) अर्धा सूर वर सरकवून पांढऱ्या पट्ट्यांवर आणलाय. बोटांची सगळी ठेवण बदलते, म्हणून तो प्रसंग नुसता दिखाऊ नाही.

---

जिव्हामूल:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: गाण्याची पद्धत तशीच आहे. तैवानी श्रोत्यांनीही सुरुवातीला हीच तक्रार केली होती की हा पुटपुटतो.

कारणं दोन. पहिलं सगळ्याच मँडरिन गाण्यांना लागू. बोलताना चार आरोह-अवरोह शब्दाचा अर्थ ठरवतात. गाताना चाल त्यांच्यावर चढते आणि ते पुसले जातात. कँटनीज (हाँगकाँगकडची चिनी भाषा) गाण्यांत शब्दाचा चढउतार चालीशी जुळवून घ्यावा लागतो, मँडरिनमध्ये ती सक्ती नाही. त्यामुळे एका उच्चाराचे चार-चार अर्थ शिल्लक राहतात आणि संदर्भ हाच आधार. तिथल्या लोकांनाही पडद्यावर शब्द लागतात ते यासाठी.

दुसरं कारण खास त्याचं. तो अक्षर हे ठेक्याचं एकक म्हणून वापरतो. शेवटचा 'न' किंवा 'ङ' अर्धवट सोडतो, दोन अक्षरं एका मात्रेत कोंबतो, आणि स्वर पुढच्या अक्षरावर ओढत नेतो. कान शब्दाची कड शोधतो आणि ती कडच त्याने घासून टाकलेली असते.

आता उपाय. रोमन लिपीतल्या उच्चारांवरून शिकत असाल तर आधी ते सोडा, देवनागरी जास्त कामाची आहे. रोमनमधले बी-पी, डी-टी, जी-के हे मँडरिनमध्ये घोष-अघोष नाहीतच. फरक आहे अल्पप्राण-महाप्राणाचा. म्हणजे प-फ (ओठ मिटून म्हटलेला), त-थ, क-ख. आपल्याला ही जोडी जन्मजात येते. नानचाकूच्या गाण्याचं नाव 'ष्वांग-च्ये-कुन', गुन नव्हे. त्याचं स्वतःचं नाव 'चौ च्ये-लुन'. यातल्या 'चौ'चा च जीभ मागे वळवून, 'च्ये'चा च 'चिमणी'तला. आणि 'न्यांग-च' मधला च 'चमचा'तला. मराठीत 'चमचा' आणि 'चिमणी' हे दोन वेगळे च आहेत, ते इथे सरळ उपयोगी पडतात. फक्त 'चमचा'तल्या च चा महाप्राण आपल्याकडे नाही, तो मुद्दाम घटवावा लागतो: तोच च म्हणताना तळहात ओठांसमोर धरा, हवेचा झोत लागला पाहिजे.

मग एका वेळी चारच ओळी घ्या. आधी चढउतारांसकट नुसत्या वाचा, पाच-सहा वेळा. नंतर टाळीवर, चढउतार सोडून. मग गाणं पाऊणपट वेगाने लावून बरोबर म्हणा. शेवटी मूळ वेगात. लोक बहुतेक वेळा पहिली पायरी गाळतात आणि थेट गाण्याबरोबर पुटपुटायला लागतात. त्यात फक्त त्याचा पुटपुटाट पाठ होतो, शब्द नाही.

सुरुवातीला 'आन-चिंग', 'छिंग-थ्येन', 'ताओ-श्यांग'. तिन्हींचे शब्द त्याचे स्वतःचे आहेत आणि भाषा रोजची. त्याचा नेहमीचा गीतकार फांग वन्षान याच्या शब्दांना इतक्यात हात लावू नका, तिथे पाचशे अक्षरं पुरत नाहीत.

---

काळी_दोन:

पेटीचं. सूर ओळखलात ते बरोबर: सा रे ग प ध. चालीत म आणि नी नाही. पण तो भूप नव्हे. भूपात ग आणि ध यांचं जे वजन, जी ये-जा, ती इथे नाही. पाच सूर चीनच्या परंपरेतही पूर्वीपासून आहेत, त्या पायावर ही चाल उभी आहे.

तुमची चूक बहुधा अशी होते: चालीत म-नी नाहीत म्हणून डाव्या हातालाही तुम्ही ते वर्ज्य करताय. असं केलं की सा-ग-प आणि ध-सा-ग एवढेच दोन कॉर्ड उरतात, आणि गाणं एका जागी खिळतं. या गाण्याखालची हार्मनी पूर्णपणे पाश्चात्त्य आहे. तिथे म-ध-सा आणि प-नी-रे हे दोन्ही कॉर्ड येतात, म्हणजे म आणि नी खाली आहेतच, फक्त गळ्यात नाहीत. चीनचा वास वरून येतो, हालचाल खालून. या प्रकाराला ते 'चुंग-क्वो फंग' म्हणतात, चिनी ढंग. २००३ च्या 'तुंग-फंग फ्वो'पासून तो त्याच्या नावाशी जोडला गेला.

करून बघा: डाव्या हाताने नुसते मूळ सूर धरा, पूर्ण कॉर्ड नको. जिथे चाल सा वर टेकते तिथे खाली एकदा सा आणि एकदा म धरा. तोच सा दुसऱ्या खेपेला हुरहूर लावतो. सिंथवर वाजवत असाल तर वरच्या सप्तकात कु-चंगचा (तारांचं आडवं वाद्य) आवाज विरळ ठेवा. मूळ गाण्यातही तो ओळींच्या फटीत येतो, गाण्यावर चढत नाही. हे संयोजन चुंग शिंग-मिन यांचं. 'तुंग-फंग फ्वो'चं लिन माय-क यांचं. दोन्ही लागोपाठ ऐका. दुसऱ्यात फी-फा (छेडायचं तंतुवाद्य) आणि अर-हू (गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य) आहेत, पण ठेका आरअँडबीचाच राहिलाय.

---

मुखडा_अंतरा:

म-ध-सा धरून पाहिला, लगेच उघडलं. आभार! @जिव्हामूल, फांग वन्षानचं इतकं काय अवघड असतं? आणि कुठलं गाणं कोणी लिहिलंय हे कसं ओळखायचं?

---

जिव्हामूल:

अल्बमच्या पुस्तिकेत किंवा व्हिडिओच्या सुरुवातीला तीन नोंदी असतात, आपल्या भावगीतांच्या तबकड्यांवर असायच्या तशाच: शब्द, चाल ('छ्यू') आणि संयोजन ('प्येन-छ्यू'). चालीच्या जागी जवळजवळ नेहमी चौ. शब्दांची नोंद बघत जा, तिथे माणसं बदलतात. पहिल्या दोन अल्बमांतली काही हलकीफुलकी प्रेमगीतं विवियन श्यू यांची, 'ये ह्वेइमेइ'मधलं पहिलं गाणं ह्वांग च्युन-लांग यांचं.

फांग वन्षान आधी चोरांपासून संरक्षणाच्या यंत्रणा बसवण्याचं काम करायचा. आपल्या गीतांच्या शंभरएक प्रती काढून त्याने रेकॉर्ड कंपन्यांना पाठवल्या आणि अल्फा म्युझिकच्या वू चुंग-श्येन यांचा फोन आला. २००७ मध्ये चौ, फांग आणि व्यवस्थापक यांग च्युन-रुंग या तिघांनी जेव्हीआर म्युझिक ही कंपनी काढली. व्ही म्हणजे व्हिन्सेंट, फांगचं इंग्रजी नाव.

अवघड का, तर तो वाक्याऐवजी वस्तू ठेवत जातो. निळ्या नक्षीच्या भांड्याच्या गाण्याचंच घ्या. त्यातला पावसाची वाट बघणारा आकाशी रंग खरं तर निळ्या नक्षीच्या भांड्यांचा नाही. तो सुंग राजवटीतल्या रू भट्टीच्या एकरंगी झिलईचा. भांड्याच्या तळाला लिहिलेली अक्षरं हान काळातल्या वळणाची. म्हणजे एका ध्रुपदात तीन काळ. चिनी वाचकालाही इथे टीप लागते. त्या गाण्याला २००८ च्या गोल्डन मेलडीत वर्षातलं उत्कृष्ट गाणं, चाल आणि शब्द असे तिन्ही पुरस्कार मिळाले.

यमकाकडे मात्र आत्ताच कान द्या, त्याला अर्थ कळायची गरज नाही. मँडरिनचं अक्षर स्वरात, 'न'मध्ये किंवा 'ङ'मध्ये संपतं (कधी 'र'मध्ये), एवढंच. म्हणून यमकं थोडी आणि भरपूर शब्द एका यमकात बसतात. या गाण्याच्या ध्रुपदात जवळजवळ प्रत्येक ओळ 'ई'वर टेकते. ते 'ई' मोजत ऐकलंत की ओळ कुठे संपली हे कळेल, आणि ओळी सुट्या झाल्या की शब्द सुटायला लागतात.

आणि शब्द शोधताना एक काळजी घ्या. तैवानचे अल्बम पारंपरिक लिपीत आहेत, चीनमधली संकेतस्थळं सोप्या केलेल्या लिपीत. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं दोन्हींत तीच, तिसरं 'लुन' वेगळं. एका लिपीत शोधून मिळालं नाही तर दुसरीत बघा. चाहत्यांनी ऐकून उतरवलेल्या पाठांत समोच्चारी अक्षरांच्या चुका फार असतात, तेव्हा पुस्तिकेचं छायाचित्र मिळालं तर तेच प्रमाण माना.