टायमिंग रिझोल्यूशन वाढलं की कमी झालं?

एक अडचण आहे. पेट स्कॅनरवरची (शरीरात दिलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठलंय ते दाखवणारं मशीन) माहितीपुस्तिका मराठीत करतेय, त्यात आहे की कोइन्सिडन्स टायमिंग रिझोल्यूशन 2006 च्या सुमाराला 600 पिकोसेकंद (सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद) होतं ते या स्कॅनरमध्ये 214 पर्यंत आलंय. मी लिहिलं "रिझोल्यूशन कमी झालं", तर आईने वाचून विचारलं, मग मशीन बिघडलं का गं? "वाढलं" लिहावं तर आकडा उतरलेला. विभेदनक्षमता दुर्बिणीला शोभतं, इथे कसंतरीच वाटतं. आणि कोइन्सिडन्सला योगायोग चालेल का?

*

योगायोग नको हो, अर्थ बरोब्बर उलटा होईल! औषधातून निघालेल्या पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही संपतात आणि 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात, ते पेशंटभोवतीच्या सेन्सरच्या रिंगमध्ये समोरासमोर एकदमच आदळले की मशीन धरून चालतं की दोघं एकाच ठिकाणाहून निघाले. यात योगायोग कसला, जुळी भावंडं ती. खरा योगायोग म्हणजे रँडम, दोन वेगळ्या ठिकाणचे फोटॉन नेमके त्याच चार-पाच नॅनोसेकंदांत येऊन टपकतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला, आणि मशीन फसतं. कोइन्सिडन्सला सरळ "जोडी" म्हणा, रँडमला "खोटी जोडी".

*

रिझोल्यूशनला शाळेतलं "लघुत्तम माप" का नको? व्हर्नियर कॅलिपरचं 0.01 सेंमी. लहान तेवढं चांगलं, हे सगळ्यांना पाठ आहे.

*

सुचलंय छान, पण लघुत्तम माप पट्टीवरच्या रेघांचं असतं. इथे गडबड मुख्यतः क्रिस्टल आणि सेन्सरमध्ये आहे. एलएसओच्या (लुटेशियम असलेला एक पदार्थ) क्रिस्टलमध्ये फोटॉन शिरला की जो उजेड पडतो तो विझायला साधारण 40 नॅनोसेकंद घेतो, त्यातला अगदी पहिला उजेड सेन्सरने कधी टिपला त्यावर वेळेचा शिक्का बसतो आणि तो दर वेळी जरा इकडेतिकडे होतो. हजारो जोड्यांचे शिक्के मांडले की डोंगरासारखा ग्राफ येतो, त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी म्हणजे हे रिझोल्यूशन. जलद क्रिस्टल, सिलिकॉनचे सेन्सर, हा सगळा खटाटोप तो डोंगर अरुंद करायला.

मी याच मशीनवर असते. कुणी विचारलं तर सांगते, गल्लीच्या दोन टोकांना दोघं उभे, मधे कुठेतरी फटाका फुटला, ज्याला आधी ऐकू आला त्याच्या जवळ फुटला. पण दोघांची घड्याळं थोडी मागेपुढे असली तर जागाही मागेपुढे होणार. फोटॉन प्रकाशाच्या वेगाने पळतात, त्यामुळे 600 पिकोसेकंद म्हणजे जागेत 9 सेंमी, 214 म्हणजे 3 सेंमीच्या जरा वर. तेव्हा "मागेपुढे" घ्या की, वेळेला पण चालतं आणि जागेला पण.

*

मग नाम काय करणार, "मागेपुढेपणा"? 😄

*

नाम हवंच कशाला! "जोडीच्या वेळेत आधी 600 पिकोसेकंद मागेपुढे व्हायचं, आता 214 होतं." वाढलं-कमी झालं ही भानगडच गेली.

आणि ताई, पुढे "चित्र शार्प झालं" लिहिलं असेल तर तेही काढा. रिझोल्यूशन म्हटलं की लोकांच्या डोक्यात मोबाइलचा मेगापिक्सेल येतो. 3 सेंमीने शार्प काय होणार, स्कॅनर त्याशिवायच चार-पाच मिलिमीटरपर्यंत बारीक बघतो. फायदा होतो तो नॉइजमध्ये, चित्राचा रवाळपणा जातो, आणि जाड पेशंटला जास्तच. (नॉइजला आवाज नका लिहू, हात जोडतो.)

*

"रवाळपणा" घेतला! नवीन वाक्य आईला वाचून दाखवलं. कळलं म्हणाली, पण अजून 214 तरी का मागेपुढे होतंय म्हणे.

*

सांगा त्यांना, 10 पिकोसेकंदांवर आणायचं आव्हान घेऊन लोक बसलेत. जमलं तर दीड मिलिमीटर मागेपुढे. मग मात्र शार्प लिहा खुशाल.