वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, टाक्यातून पू येतो, दवाखाना फाईल देत नाही. मदत हवी आहे

घाटंजीकर
लवकर सांगा कोणी, डोकं काम करून नाही राह्यलं. बाबा बैलबंडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळात खासगी दवाखान्यात नेलं, रॉड टाकला. आधी म्हणे योजनेत होऊन जाते, मंग म्हणे योजना मंजूर नाही झाली, पैसे भरा. 48 हजार भरले. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी अजून 22 हजाराचा कागद हाती दिला, साधा कोरा कागद, ना शिक्का ना नंबर. त्यातले 10 हजार कसेबसे दिले. बाकीचे दिल्याशिवाय फाईल देत नाही म्हणतात. आता टाके होते त्या जागेतून पू येते. फोन केला तर कंपाउंडर म्हणते पट्टी करत राहा, बाकी घेऊन या, मंग साहेब पाह्यतील. तक्रार कुठं करायची? कलेक्टरकडे की आमदाराकडे?

मूळचा_वाशिमचा
पॉलिसी कोणत्या कंपनीची आहे? क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र मागा आणि विमा लोकपालाकडे जा.

घाटंजीकर
पॉलिसी नाही दादा. योजना म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना, सरकारची मोफत उपचाराची. आमच्याइकडं योजना म्हटलं की तेच.

हाडांचे_डॉक्टर
तक्रारीचं नंतर बघू. आधी मला हे सांगा. ऑपरेशनला किती आठवडे झाले? ताप आहे का? वय किती? शुगर आहे का? पाणी झिरपतंय की घट्ट पिवळा पू आहे, वास येतो का? पायावर भार देतात का?

पुसदची_ताई
आमच्या आत्याबाईंच्या पायाला असंच झालं होतं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवायचं आणि वरून हळद भरायची. महिनाभरात सुकलं. अँटिबायोटिकने शरीर पोखरतं.

हाडांचे_डॉक्टर
ताई, कृपया नको. तुमच्या आत्याबाईंची जखम वरवरची असेल. इथे आत हाडात धातूचा रॉड आहे. पू त्या रॉडपर्यंत पोचला असेल तर वरून काहीही भरून तो थांबत नाही. उलट तोंड बंद होऊन आत साचतो. घाटंजीकर, उत्तर द्या.

पुसदची_ताई
मी अनुभवाचं सांगितलं. ऐकायचं नसेल तर राहिलं.

घाटंजीकर
वय 67. महिना होऊन गेला ऑपरेशनला. ताप रात्री येते, सकाळी उतरते. वास येते थोडा. शुगर आहे, गोळी चालू आहे. गावातल्या डॉक्टरनं दोन दिवस इंजेक्शन दिलं, कोणतं ते माहीत नाही. पायावर उभे नाही होत, कण्हतात. पण माझा प्रश्न पैशाचा अन् फाईलचा आहे. आम्ही कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, देऊन पैसे भरले.

कास्तकार_पोट्टा
खेडा खरेदीत काऊन दिला बाप्पा? 2025-26 च्या हंगामाले लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले 8110 ठरला. कपास किसान ॲपवर नोंद करायची अन् सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्यायचा.

बांधावरून
तिथं ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. अन् भाव पुरा पाह्यजे तर 8 टक्के. पहिल्या वेच्याचा कापूस ओलाच असते. पैसे बँकेत यायची वाट पाहायची. ज्याचा बाप दवाखान्यात पडून आहे त्यानं वाट पाहायची का?

कास्तकार_पोट्टा
वाळवून नेला तर घेतात. आमचा घेतला. आधारले खातं जोडलेलं पाह्यजे.

हाडांचे_डॉक्टर
कापसाचं दुसरीकडे बोला, विनंती आहे. शुगरचा रुग्ण, रात्रीचा ताप, वास येणारा पू, महिन्यानंतरही भार देता येत नाही. रॉडभोवती जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी आहे. आत इम्प्लांट (रॉडसारखा बसवलेला भाग) असेल तर ऑपरेशननंतर 90 दिवसांपर्यंत झालेला असा संसर्ग ऑपरेशनशीच जोडून धरतात, त्यामुळे "आता महिना झाला, आमचा संबंध नाही" असं कोणी म्हणू शकत नाही. उद्या सकाळी हाडांच्या विभागात दाखवा. एक्स-रे, रक्तात सीबीसी, ईएसआर, सीआरपी, शुगर, आणि पूचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीला. नमुना द्यायच्या आधी गावात पुन्हा अँटिबायोटिक घेऊ नका. कुठला जंतू आहे ते मग कळत नाही आणि अंदाजाने औषध चालवावं लागतं. दोन दिवस इंजेक्शन दिलंय हे मात्र तिथे सांगा, शक्य असेल तर बाटलीचं नाव विचारून ठेवा. आत धुवावं लागलं तर पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा. पोटरी एकदम सुजली, दम लागला किंवा बाबा बरळायला लागले तर उद्याची वाट नको, 108 लावा.

वर्धेकर
डॉक्टर साहेबांशी सहमत. मी म्हणतो वर्ध्याजवळ सेवाग्रामला न्या. कस्तुरबा रुग्णालयात माझ्या भावाचा पाय वाचला. यवतमाळचं वसंतराव नाईक मेडिकलही आहे, तेही जवळ. पण त्याच खासगीत परत नका जाऊ.

हाडांचे_डॉक्टर
दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. उद्या जिथे लवकर पोचाल तिथे जा.

एसटीप्रेमी
65 च्या वर आहेत ना, तर एसटीचं तिकीट अर्धं लागेल. 75 नंतर पूर्ण माफ. सोबत आई येत असेल तर तिचंही अर्धं. आणि कळंबहून वर्ध्याला आता रेल्वे आहे, 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. एसटीने कळंब, तिथून गाडी.

बांधावरून
खुबा मोडलेला माणूस एसटीत बसवता का? मारुती व्हॅन करा, मागची सीट आडवी करून न्या.

मूळचा_वाशिमचा
फाईलचं सांगतो. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात स्पष्ट आहे, रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. बिल बाकी आहे म्हणून ते अडवता येत नाहीत. साध्या कागदावर अर्ज लिहा, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, रॉडचं स्टिकर, एक्स-रे, तपासण्या आणि तपशीलवार बिल मागा, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मग थेट जिल्हा ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलंय. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत 2 वर्षं.

वर्धेकर
आयोग म्हणजे वर्षं जातील. आधी योजनेचं पहा. घाटंजीकर, मंजूर नाही झाली असं कोणी सांगितलं? लेखी काही दिलं का? दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम पाहणारा माणूस, भेटला का? आणि रेशनकार्ड कोणतं?

मूळचा_वाशिमचा
वर्षं जातात म्हणून लोक जातच नाहीत, आणि म्हणून हे दवाखाने असे वागतात.

वर्धेकर
आयोग नको असं नाही म्हणत. क्रम सांगतो. ज्याचं पोट हातावर आहे त्याला पैसे लवकर परत मिळायचा रस्ता आधी दाखवा.

घाटंजीकर
केशरी कार्ड. काउंटरवरच्या पोरीनं तोंडी सांगतलं मंजूर नाही झाली. आरोग्यमित्र कोण ते नाही माहीत. भरती केलं तेव्हा रेशनकार्ड, आधार घेतलं होतं, बाबाचा पलंगावर फोटो काढला, हातात नावाची पाटी दिली होती. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन कागदावर अंगठा घेतला. त्याचा इथं काय संबंध?

वर्धेकर
हेच तर पहिल्यांदा सांगायचं होतं भाऊ! मंजूर नव्हती तर सुट्टीच्या दिवशी अंगठे कशाला? असा फोटो योजनेच्या कॉम्प्युटरवर चढवायला काढतात. बाबांच्या नावावर केस टाकून योजनेकडून पैसे घेतले आणि तुमच्याकडूनही घेतले, असं असू शकतं. बाबांच्या मोबाईलवरचे मेसेज उघडून पहा, जुने सगळे. आणि 155388 वर फोन लावून रेशनकार्ड नंबर सांगा, विचारा की या कार्डावर मंजुरी झाली आहे का. मंजूर केसमध्ये दवाखान्याने रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. तपासण्या, औषधं, जेवण, रॉडसुद्धा पॅकेजमध्येच असतो. घरी सोडल्यावर 10 दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधंही त्यातच.

नागपूरचे_नाना
पांढऱ्या कार्डाला मिळत नाही ना पण? माझ्या साडूला नाही म्हणाले होते.

वर्धेकर
आधी पिवळं, केशरी, आणि आपल्या 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतलं शेतकऱ्याचं पांढरं चालायचं. जुलै 2024 पासून सगळ्या रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. साडूचं वेगळं विचारा, इथे घाटंजीकरांचं चाललंय.

कास्तकार_पोट्टा
चार पोट्टे घेऊन जा दवाखान्यात. काउंटरवर व्हिडिओ काढा, सोशल मीडियावर टाका. संध्याकाळपर्यंत पैसे हातात.

हाडांचे_डॉक्टर
असं कृपया करू नका. धक्काबुक्की, तोडफोड झाली तर डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या 2010 च्या कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. रुग्ण तुमचा आणि कोठडीतही तुम्हीच, असं होईल. एक मला डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणे सांगायचंय. संसर्ग चांगल्या हातूनही होऊ शकतो, विशेषतः शुगरच्या रुग्णात. पू आला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पण ताप आणि पू असलेल्या आपल्याच रुग्णाला "बाकी घेऊन या, मग बघू" सांगणं, हे अक्षम्य आहे. तक्रारीत जोर त्यावर द्या. कोणत्या दिवशी फोन केला, कोण काय बोललं, लिहून ठेवा. कॉलची यादी मोबाईलमधून पुसू नका.

मूळचा_वाशिमचा
बरोबर. आणि तक्रार जिल्हा शल्य चिकित्सकांकडेही. नर्सिंग होमची नोंदणी त्यांच्याकडे असते. 2021 च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायला हवी. लावलेली होती का?

घाटंजीकर
पाटी नाही पाह्यली. बाबाच्या मोबाईलवर मेसेज सापडला. इंग्रजीत आहे, त्यात मंजुरीचा नंबर आहे अन् तारीख भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशीची. 48 हजार आम्ही त्याच्याबी नंतर भरले. म्हणजे आमाले फसवलं ना? आई रडून राह्यली. सकाळी व्हॅन सांगतली, सेवाग्रामले जातो.

पुसदची_ताई
भाऊ, आईला सांगा, देव पाठीशी आहे. सोबत डबा आणि पाण्याची बाटली घ्या, सकाळी ओपीडीत वेळ लागतो. शुगरच्या माणसाला उपाशी ठेवू नका.

हाडांचे_डॉक्टर
ताईंचं बरोबर आहे, एवढंच की तिथे थिएटरमध्ये घ्यायचं ठरलं तर मग ते सांगतील तसं उपाशी राहावं लागेल. शुगरच्या गोळ्यांचं पाकीट आणि जुने एक्स-रे असतील ते घ्या.

घाटंजीकर
भरती केलं. पूचा नमुना घेतला, एक्स-रे झाला, शुगर 300 च्या वर निघाली. आत धुवायचं म्हणाले, रॉड सध्या राहू द्यायचा, कल्चरचा रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवू. इथला आरोग्यमित्र भला माणूस. कॉम्प्युटरवर पाहून म्हणाला, बाबाच्या नावावर ऑपरेशनची मंजुरी आहे अन् बाबानं एक पैसा दिला नाही असं समाधानपत्र चढवलेलं आहे, अंगठ्यासकट. 155388 वर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर भेटला. पण आमच्याकडं 48 हजाराची पावती नाही. फोनपेवर 30 गेले होते ते दिसते, बाकी नगदी. नगदीचं काय करायचं?

मूळचा_वाशिमचा
30 हजार फोनपेवर दिसतात तेच तुमचं मोठं हत्यार. पैसे कोणाच्या नावावर गेले ते पहा, दवाखान्याच्या की मेडिकल स्टोअरच्या की डॉक्टरच्या. बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यावर बँकेचा शिक्का घ्या. नगदीसाठी: कापूस विकला त्याची व्यापाऱ्याची चिठ्ठी असेल, नाहीतर व्यापारी लिहून देईल. पैसे देताना सोबत कोण होतं त्याचं नाव तक्रारीत घाला. 22 हजारांचा तो कोरा कागद नीट जपा, त्यावर अक्षर त्यांच्याच माणसाचं आहे.

वर्धेकर
आणि उरलेले 12 हजार आता द्यायचे नाहीत. फोन आला तर एवढंच सांगा, योजनेची मंजुरी आहे, काय ते लेखी द्या. सगळ्याच्या झेरॉक्स काढून तक्रारीचा नंबर वर लिहा आणि एक संच शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्या. तुम्ही बाबांजवळ थांबा, हे काम गावातला कोणीही करू शकतो.

बांधावरून
मी सोमवारी यवतमाळला जाणारच आहे. घाटंजीच्या स्टँडवर कागद आणून द्यायला कोणाला सांगाल, मी आवक करून पोच पाठवतो.