मदत हवी आहे: कॉलेजच्या लिनक्स क्लबचा इन्स्टॉल डे पुन्हा सुरू करायचाय, पण कोणाचाही डेटा जाता कामा नये

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या लिनक्स क्लबची जबाबदारी माझ्याकडे आलीय. क्लब लहानच, पंधरा-वीस जणांचा. शनिवारी दुपारी लॅब उघडून मिळते, तेव्हा गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवतो, सी-च्या प्रॅक्टिकलला अडलेल्यांना शेजारी बसवून समजावतो. मुख्य कार्यक्रम मात्र इन्स्टॉल डे. पहिल्या वर्षाची मुलं लॅपटॉप घेऊन येतात आणि आम्ही विंडोजच्या जोडीला उबंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो.

गेल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. एका मुलीच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बूट होईना, म्हणून आमच्यातल्या एकाने बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद केलं. विंडोज सुरू केलं तर निळी स्क्रीन आली आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागायला लागली. सिक्युअर बूट परत चालू केलं असतं तर बहुतेक भागलं असतं, हे आता कळतंय. त्या वेळी घाबरून टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली जपणारी चिपसुद्धा क्लिअर करून टाकली. लॅपटॉप दुकानातच सुरू करून दिलेला, मायक्रोसॉफ्टचं खातं कोणत्या ईमेलवर काढलंय ते घरात कोणालाच माहीत नाही. शेवटी फॉरमॅट करावा लागला. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून घेऊन दिलेला लॅपटॉप. ती आम्हाला एक शब्द बोलली नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर विभागप्रमुखांनी कार्यक्रम बंद केला. आता म्हणतात, लेखी पद्धत आणून दाखवा, मग परवानगी देतो. त्यांचं बरोबरच आहे. पण काही सर म्हणतात, ज्याला हवं तो यूट्यूब बघून घरी करेल, क्लब कशाला हवा? हे मला पटत नाही. आमची पोस्टर्स आम्ही गिम्प या चित्रं-फोटोंच्या मोफत प्रोग्राममध्ये करतो. ते गिम्प १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. दोघंही तिथल्या एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटी या विद्यार्थी क्लबातले. त्या प्रोग्रामची बटणं आणि खिडक्या काढायला जे जीटीके लिहिलं, त्यावर पुढे लिनक्सचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप (स्क्रीनवर दिसणारं सगळं) उभा राहिला. एकट्याने घरी बसून हे झालं असतं का, मला शंका आहे. शेजारी बसून चूक दाखवणारं कोणीतरी लागतं.

तर विचारायचंय ते असं. बिटलॉकर असलेल्या लॅपटॉपवर सुरक्षितपणे ड्युअल बूट, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही, कसं करायचं? आणि लॅबचं नेट इतकं हळू आहे की साठ जणांनी एकदम अपडेट लावलं तर सगळंच थांबतं. जुना एक डेस्कटॉप मिळालाय, ४ जीबी रॅम आणि १ टीबी डिस्कचा. त्याचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद १

आधी एक नियम करा: सिक्युअर बूटला हात लावायचाच नाही. उबंटू, फेडोरा, डेबियन या तिन्ही लिनक्स प्रणाली सिक्युअर बूट चालू ठेवून बूट होतात. व्हेंटॉयला (एका पेनड्राइव्हवर अनेक इमेज ठेवणाऱ्या साधनाला) पहिल्यांदा की नोंदवावी लागते आणि तिथेच नवखे गोंधळतात, त्यामुळे इमेज (इन्स्टॉलची फाइल) थेट पेनड्राइव्हवर लिहा.

बिटलॉकरचं काम कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, मुलांच्या घरी किंवा हॉस्टेलवर होऊ दे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) चालू आहे का ते बघायचं. असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन रिकव्हरी की कागदावर उतरवायची आणि मगच एन्क्रिप्शन बंद करायचं. डिस्क उलगडायला तास-तास लागतात, मध्येच लॅपटॉप बंद करू नका. ज्याला खात्याचा पासवर्ड आठवत नाही, त्याच्या लॅपटॉपवर त्या दिवशी काहीही टाकायचं नाही. त्याला विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल लावून द्या, सी-च्या प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं.

फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं ती सोय) बंद करा, आणि जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो. काही इंटेलच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये आरएसटी (इंटेलची डिस्क सांभाळण्याची पद्धत) चालू असतं. ते थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून सेफ बूट (फक्त गरजेपुरतं विंडोज सुरू करणं) लावायचं, मग बायोसमध्ये बदल, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज सुरू झालं की ती खूण काढायची. हे फक्त तुम्हा दोघा-तिघांनीच करा, नव्या स्वयंसेवकांवर सोपवू नका. आणि कोणी घाबरलं की लॅपटॉपवरून हात काढून आधी हाक मारायची, हे सगळ्यांना बजावून ठेवा. तुमच्याकडे गेल्या वर्षी खरं नुकसान दुसऱ्या पावलाने, म्हणजे टीपीएम क्लिअर केल्याने झालं.

प्रतिसाद ३

जुन्या डेस्कटॉपचं सोनं होईल. त्यावर डेबियन टाका आणि ॲप्ट-कॅशर-एनजी, म्हणजे एकदा उतरवलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइल्स) साठवून ठेवणारा प्रोग्राम बसवा. पूर्ण मिरर (सगळ्या पॅकेजेसची नक्कल) ठेवायची गरज नाही. पहिल्या लॅपटॉपने मागितलेलं पॅकेज नेटवरून येतं आणि तिथे साठतं, बाकीच्या एकोणसाठांना ते लॅबमधूनच मिळतं. प्रत्येक लॅपटॉपवर ॲप्टच्या (उबंटूत पॅकेजेस उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉक्सी सेटिंगमध्ये त्या मशीनचा पत्ता आणि ३१४२ पोर्ट द्यायचा. घरी जाताना ती ओळ काढायला मात्र विसरू नका, नाहीतर रूमवर अपडेट होणार नाही. उबंटू २४.०४ ची इमेज ६ जीबीच्या आसपास आहे, तीही आदल्या दिवशीच सात-आठ पेनड्राइव्हवर भरून ठेवा.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी डेस्कटॉपवर डेबियन बसवलं आणि कॅशर चालू झाला. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच पॅकेजेस काही सेकंदांत उतरली.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. धीर करून तिला भेटले, नोंदणीच्या फॉर्मवर काय काय विचारावं म्हणून. तिने वहीत पाच प्रश्न लिहून दिले. पहिला खात्याच्या ईमेलचा, दुसरा फोटोंची दुसरी प्रत कुठे ठेवलीय याचा. परवानगी मिळाली तर इन्स्टॉल डेला नोंदणीच्या टेबलावर ती स्वतः बसणार आहे. फॉर्म सोमवारी सरांना दाखवते आणि ते काय म्हणतात ते इथे लिहिते.